शेतात राबणारी, गुरांमागं फिरणारी माणसं : तुमच्याकडे त्यांना काय म्हणतात?

माणदेशी_माळ

मंडळी, आमच्या वस्तीवरच्या एका आजोबांचा योजनेचा अर्ज भरून देत होतो. व्यवसायाच्या रकान्यात तीनच पर्याय : शेतकरी, शेतमजूर, इतर. आजोबांकडे मेंढरांचा मोठा कळप, ओझ्याची घोडी, राखणीची कुत्री आणि सातबाऱ्यावर भावकीच्या वादात अडकलेले थोडे गुंठे. 'इतर'वर खूण केली तर म्हणाले, "इतर म्हंजी कोण रं?" उत्तर सुचेना, म्हणून हा धागा.

आमच्या माण, आटपाडी, सांगोला, जत या पट्ट्यात कुणी स्वतःला 'मेंढपाळ' म्हणवून घेत नाही. तो शब्द पाठ्यपुस्तकातला आणि सरकारी पाटीवरचा. 'धनगर' म्हणावं तर ती जात. जातीतले कितीतरी जण आज मास्तर आहेत, ट्रक चालवतात, पोलिसात आहेत. मग प्रत्यक्ष कामाला काय म्हणतात? "त्यो बकऱ्यामागं असतो." बस, एवढंच. (परमुलखातल्यांसाठी : इकडे बकरी म्हणजे मेंढी. शेळीला शेरडी म्हणायचं.)

दिवाळी झाली की वाडे कोकणात नाहीतर बागायती मुलखात उतरतात आणि पावसाच्या तोंडाला माघारी येतात. वाडा म्हणजे चिरेबंदी वाडा नव्हे, एकत्र फिरणारी काही बिऱ्हाडं. वाटेत शेतकरी आपल्या रानात 'बकरी बसवून' घेतो. रात्रभर कळप रानात बसतो, लेंडी-मूत जमिनीत मुरतं, त्याबद्दल वाड्याला धान्य किंवा पैसे मिळतात. त्या रानाला खत पुरवणारा हा माणूस, तरी शेतकरी कोण, तर रानाचा मालक.

तुमच्या भागातले शब्द सांगा. बोलण्यातले हवेत, शब्दकोशातले नकोत.

वखरपाळी

आमच्या यवतमाळकडं 'शेतकरी' सभेत आणि पेपरात. पारावर मात्र कास्तकार. "कास्तकाराचं काही खरं नाही भाऊ" हे वाक्य चहाच्या टपरीवर बसलं की हमखास ऐकू येते. गुरांना ढोरं म्हणतो, राखणारा तो ढोरकी, काही गावांत गायकी. पुण्याला शिकायला होतो तेव्हा 'ढोरं' म्हटलं की पोरं दचकायची. तिकडं ती शिवी, आमच्याकडं दावणीवरच्या जनावराचं साधं नाव.

गायकी साऱ्या गावाचा असायचा. सकाळी आखरावर, म्हणजे गावाबाहेरच्या ठरल्या मोकळ्या जागेवर, घराघरातली ढोरं जमायची आणि तिथून रानात जायची. मोबदला ढोरामागं वर्षाचं धान्य. कुणा एका मालकाचा नोकर नव्हता तो. पण म्हणूनच ज्याला वाटंल त्यानं त्याच्यावर ओरडावं असंही होतं. आता ट्रॅक्टर आले, घरी एखादं-दुसरं ढोर राहिलं, तेवढ्यासाठी गायकी कोण ठेवते? सुगी सरली की ढोरं मोकाट आणि मग रब्बी पेरलेल्यांची भांडणं.

सोनकी

वाचतेय. शहरात वाढले, त्यामुळे 'गुराखी' मला फक्त गोष्टीतला ठाऊक, बासरीवाला. आखर शब्द पहिल्यांदाच कळला.

कुळागर

आमच्यात राखणो. गोरवां राखता तो राखणो. इतक्याच.

पण मालवणातून खाली गोव्यात उतरलात की खरा घोळ सुरू होतो. तिथे जमीनवाला तो भाटकार. त्याची भातशेती कसतो तो कूळ आणि त्याच्या भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, घर बांधून राहतो तो मुंडकार. बाहेरचे लोक दोघांना एकच समजतात. मुंडकाराकडे शेत असेलच असं नाही. राहायला जागा मिळाली त्या बदल्यात माडांची राखण, हाक मारली की कामाला जाणं, असा तो बांधलेला असायचा. म्हणून कायदेही वेगळे झाले : कुळांसाठी १९६४ चा, मुंडकारांसाठी १९७५ चा. शिवाय नारळ पाडणारा पाडेली, माडाची सूर काढणारा रेंदेर. माड एकच, त्यावर चढणारी माणसं दोन आणि एकाचं काम दुसरा करत नाही.

गोव्यातला कुणबी आणि देशावरचा कुणबी हेही एक नव्हेत. गोव्यात कुणबी, गावडा, वेळीप हे २००३ पासून अनुसूचित जमातींत आहेत.

जुनी_बखर

धागा चांगला आहे म्हणून जरा लांबण लावतो.

मराठेशाहीत गावात जमीन कसणाऱ्यांचे दोन मुख्य प्रकार. मिरासदार, ज्याला थळकरीही म्हणत, त्याची जमीन वंशपरंपरेची. सारा भरतोय तोवर त्याला कुणी उठवू शकत नसे. दुसरा उपरी. तो बाहेरून आलेला, कराराने जमीन कसणारा, गावच्या मानपानात ज्याला जागा नाही. दोघेही नांगर धरत, दोघांचे बैल सारखेच थकत. पण एक गावचा आणि दुसरा उपरा. 'उपरा' हा शब्द आपण आज ज्या अर्थाने वापरतो त्यात हा सगळा इतिहास मुरलेला आहे.

'कुणबी' बहुतेक अभ्यासक संस्कृत 'कुटुंबिन्'पासून आणतात, घरदार-कुटुंब असलेला तो. तुकोबांनी 'बरे देवा कुणबी केलों' म्हटलं तेव्हा त्यात जातीपेक्षा नम्रता आणि कष्ट जास्त आहेत. पण याच शब्दाचं स्त्रीलिंग बघा. पेशवाईच्या कागदांत 'कुणबीण' म्हणजे शेतकऱ्याची बायको नव्हे, तर विकत घेतलेली दासी. बटकी आणि कुणबिणी यांच्या खरेदीविक्रीच्या, सरकारी कारखान्यांत कामाला लावल्याच्या नोंदी आहेत. पुल्लिंग अभिमानानं मिरवायचं आणि स्त्रीलिंग गुलामगिरीचं. दोन्ही एकाच काळात, एकाच भाषेत.

माणदेशी_माळ यांच्या अर्जाबद्दल. महात्मा फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्यात प्रस्तावनेतच शेतकऱ्यांचे तीन भेद मांडलेत : नुसती शेती करणारे कुळवाडी किंवा कुणबी, शेती सांभाळून बागाईत करणारे माळी, आणि ही दोन्ही करून मेंढरं-बकऱ्यांचे कळप बाळगणारे धनगर. त्यांच्या हिशेबात धनगर हा 'इतर' नव्हता, शेतकरीच होता. अर्ज छापणाऱ्यांनी मधल्या काळात बरंच काही गमावलंय.

राहिला 'कूळ'. घराणं तेही कूळ, सावकाराचा ऋणको तोही कूळ आणि दुसऱ्याची जमीन कसणारा तोही कूळ. कोकणात कुळांच्या डोक्यावर खोत, म्हणजे गावचा सारा वसूल करणारा वतनदार. अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने खोतांची जमीन कसायचीच नाही असा संप केला आणि तो वर्षानुवर्षं चालवला. डॉ. आंबेडकरांनी १९३७ ला खोती रद्द करण्याचं विधेयक मुंबई कायदेमंडळात आणलं. खोती गेली ती मात्र १९४९ च्या कायद्याने.

सोनकी

कुणबिणीचं वाचून थांबलेच. आजी रागावली की "मी काय तुमची कुणबीण आहे का?" म्हणायची. आम्हाला वाटायचं, कुणब्याची बायको असण्यात रागवण्यासारखं काय.

तिफण

@जुनी_बखर, कुळाची पुढची गोष्ट मी सांगतो, कारण आमच्या घरात ती दोन्ही बाजूंनी घडलीय. १९४८ चा कुळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ रोजी, कृषक दिनी, कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं. आजोळची जमीन गेली आणि वडिलांकडच्यांना मिळाली.

तेव्हापासून एक मजा झालीय. आज साताऱ्या-सांगलीकडे कितीतरी जमीन दुसराच कुणी कसतो, पण मालकाच्या तोंडून 'कूळ' हा शब्द तुम्ही कधी ऐकणार नाही. नोटीस आल्यासारखा चेहरा होतो. म्हणतात काय, "आपला माणूस हाय, बघतो रान." वाट्यानं दिलंय, निम्म्यानं दिलंय, खंडानं (ठरल्या भाड्यानं) दिलंय, पण कागद नाही. कागद झाला की कूळ लागेल ही भीती. मग अवकाळीनं पीक झोपलं की भरपाई सातबारावाल्याच्या खात्यावर. पीएम किसानचे वर्षाचे ६,००० तर जमीन नावावर असेल त्यालाच. बियाणं, खत, पाठीचा काटा ढिला करणं 'आपल्या माणसा'चं. ज्या शब्दानं हक्क मिळाला तोच शब्द आता दारातून आत येऊ देत नाहीत.

तापीकाठ

खान्देशात : सालदार, वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. तुमचा सालगडी तोच. फरक मुहूर्ताचा. मराठवाड्यात, वऱ्हाडात साल पाडव्याला ठरतं, आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. रोख रक्कम, वर्षाचं धान्य, कपडे, वहाणा, पोळ्याला नवा पोशाख, सगळं तोंडी ठरायचं आणि त्यातली बरीच रक्कम आधीच उचललेली असायची. लग्न, आजारपण काही निघालं की पुन्हा मालकाकडेच हात पसरायचा आणि पुढचं साल त्याच दारात. महिन्यावर राहतो तो महिनदार, रोजावर तो रोजंदार. वाट्याच्या शेतीला निमबटाई.

मेंढरंवाल्यांना धुळ्या-साक्रीकडे ठेलारी म्हणतात. गाईंचे कळप घेऊन उन्हाळ्यात येणारे काठेवाडी वेगळे. पांढरे कपडे, उंच शिंगांच्या गाई. कपाशीचं रान मोकळं झालं की त्यात उतरतात, दूध-तूप विकतात. गावची पोरं त्यांना लांबूनच बघतात.

अंबाजोगाई_लाईन

आमच्या बीडमध्ये माणसाचं नाव हत्याराचं आहे. कोयता.

ऊसतोडीच्या टोळ्या पुरवणारा मुकादम साखर कारखान्याला सांगतो, "वीस कोयते आणतो." म्हणजे वीस जोड्या, नवरा-बायको. एकटा गडी किंवा एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता. लहानपणी मला वाटायचं अर्धा कोयता म्हणजे मोडलेला कोयता. उचल (आगाऊ रक्कम) जोडीला मिळते, हिशेब जोडीचा होतो आणि बाईच्या हातात वेगळा पैसा असा येतच नाही. बाई आजारी पडली तर 'कोयता मोडला' असं सरळ बोलतात. दसऱ्यानंतर टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक. ऊस मोळ्या बांधून टायरगाडीत भरायचा, पहाटे कारखान्याच्या वजनकाट्यावर लाईनीत उभं राहायचं.

यातल्या निम्म्याहून जास्त लोकांची गावाकडे कोरडवाहू दोन-तीन एकर आहे. म्हणजे पावसाळ्यात शेतकरी, थंडीत कोयता. त्या तीन रकान्यांत हे कुठं बसवायचे?

वेचणी

सगळी चर्चा पुल्लिंगी चाललीय म्हणून मध्ये येते. शेतकरी, सालदार, कास्तकार, गायकी, वाटेकरी. बाई कुठाय? निंदणी, खुरपणी, वेचणी, लावणी ही सगळी कामं बायकांची, पण करणारीला नाव नाही. 'ती खुरपायला जाते', 'ती रोजानं जाते'. नवरा झाडाखाली बसला तरी शेतकरी, बायको दिवसभर वाकून 'शेतात मदत करते'. आमच्याकडे शेळ्याही बायकांच्याच. शेळी विकून आलेल्या पैशातून वह्या-पुस्तकं, दवाखाना. पण शेळी राखणारीला शब्द विचारला तर माझी काकू म्हणाली, "शब्द कशाला पायजे? शेरडं हायती म्हणलं की कळतंय."

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं १९८६ ला चांदवडला बायकांचं अधिवेशन घेतलं आणि पुढे लक्ष्मीमुक्तीत बायकोच्या नावावर जमीन करून द्यायला सांगितलं. काही गावांनी केलीही. त्यातल्या बायकांना मग शेतकरीण म्हणू लागले का, हे त्या गावातल्या कुणी असेल तर सांगा. मला खरंच उत्सुकता आहे.

घाटमाथा

'वेचणी' +१.

जुन्या कामांचे शब्द नोंदवून ठेवतो, नाहीतर जातील. नांगर धरणारा नांगऱ्या, औत हाकणारा औत्या, पेरणारा पेरक्या. यात पेरक्याचा मान मोठा. तिफणीच्या चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या वाटीवर, मूठ धरणं सोपं नव्हतं. मूठ सैल सुटली की बी दाट पडतं, आवळली की ओळी विरळ. गावात दोन-चार जणांचाच हात बसलेला असे आणि त्यांच्यामागे लोक फिरत. मोट हाकणारा मोटकरी. त्याची गाणी पहाटे रानभर ऐकू यायची.

एकमेकांच्या कामाचे शब्दही होते. एकच बैल असलेले दोघं मिळून औत जुंपत तो वारंगुळा. आज तुझ्यात, उद्या माझ्यात ती सावड. आणि अख्ख्या गावाची औतं एका रानात उतरवून एका दिवसात नांगरट उरकायची ती इर्जिक. रानमालकानं फक्त जेवण घालायचं.

कडू_कारलं

गहिवर आवरा मंडळी. इर्जिकीत जेवायला कोण कुठल्या पंगतीला बसायचं तेही लिहा. सालगडी हा शब्द गेला तर मी पेढे वाटीन. आमच्या घरातले तीन पुरुष त्या शब्दाखाली म्हातारे झाले. आजा मेला तेव्हा साल अर्धं बाकी होतं, ते बापानं फेडलं. ज्यांच्या दारात साल घातलं त्यांना तो शब्द गोड वाटणारच.

आणि सगळ्यात वैताग 'बळीराजा'चा. राजा म्हणायचं कधी? भाव पडला की, नाहीतर बियाण्याच्या जाहिरातीत. पिकाला दाम मागायला रस्त्यावर उतरला की लगेच 'आंदोलक'.

घाटमाथा

@कडू_कारलं, पंगतीचं बरोबर आहे, वेगळ्याच बसायच्या. पण पेरक्याचा हात ही कलाच होती, आणि ती बहुधा तुमच्या आजोबांसारख्यांच्याच हातात होती. तिचं नाव राहावं एवढंच म्हणणं.

कडू_कारलं

पेरक्या ठेवा. सालगडी नको.

वखरपाळी

नावाचा विषय निघालाच आहे तर गोवाऱ्यांबद्दल लिहितो. विदर्भात गुरं राखणारा हा समाज, दिवाळीत गायगोधनाला त्यांची ढाल निघते, बासरी वाजते. अनुसूचित जमातींच्या यादीत 'गोंड गोवारी' असं लिहिलेलं आणि हे नुसते 'गोवारी'. या एका जोडशब्दाच्या मागणीसाठी २३ नोव्हेंबर १९९४ ला नागपुरात मोर्चा निघाला, चेंगराचेंगरी झाली, ११४ माणसं गेली. पुढं उच्च न्यायालयानं २०१८ ला त्यांच्या बाजूनं निकाल दिला आणि सर्वोच्च न्यायालयानं २०२० ला तो फिरवला. कुणाला काय म्हणतात, हा आमच्याकडं गमतीचा प्रश्न नाही राहिला.

माळशिरस_एक्स्प्रेस

तेच धनगर आणि धनगड! यादीत 'धनगड', समाज म्हणतो ते आम्हीच. एका अक्षरासाठी किती वर्षं कोर्टात...

संपादक

दोन्ही मुद्दे शब्दांशी संबंधित आहेत म्हणून ठेवले आहेत. आरक्षणावरची पुढची चर्चा त्यासाठीच्या वेगळ्या धाग्यावर करावी. इथले तसे प्रतिसाद उडवले जातील.

मार्कंडेय

बेळगावाहून. आमच्याकडे मराठी बोलणारेही 'रयत' सर्रास म्हणतात, आणि अर्थ 'प्रजा' नसतो, सरळ शेतकरी असतो. कन्नडात रैत म्हणजे शेतकरीच, त्यामुळे दोन्ही भाषांत चालून जातं. धनगराला कन्नडात कुरुब. कुरी म्हणजे मेंढी. तिथे नाव मेंढीवरूनच पडलंय.

तिफण

एक उलटा शब्द राहिला : 'खंडकरी'. खंड देऊन दुसऱ्याची जमीन कसतो तो खंडकरी असं कुणीही म्हणेल. पण नगर-सोलापूरकडे 'खंडकरी शेतकरी' म्हणजे ज्यांची जमीन खासगी साखर कारखान्यांनी खंडानं घेतली ते मूळ मालक! ती जमीन पुढे १९६३ साली निघालेल्या शेती महामंडळाकडे गेली आणि परत मिळवायला पिढ्या गेल्या. खंड घेणाऱ्यालाच खंडकरी नाव पडलं.

द्राक्षबाग

नवे शब्द कुणीच लिहिले नाहीत. तासगाव, नाशिककडे या : छाटणीवाले, डिपिंगवाल्या (घड औषधात बुडवणाऱ्या) बाया, थिनिंगची (मणी विरळ करणारी) टोळी, फवारणीवाला, रोटर मारणारा. काम उक्तं (एकरकमी ठरवून) घ्यायचं, एकराचा भाव ठरवायचा, जेवणाचा डबा आपला, रात्री आपल्या घरी. सालगड्याची पोरं आज छाटणीचा भाव ठरवताना बागवाल्याला घाम फोडतात. छाटणीच्या आठवड्यात बागवालाच त्यांना फोनवर 'दादा' म्हणतो. आणि हो, ड्रोन चालवणारी 'ड्रोन दीदी'ही आली. दीदी का, ताई का नाही, ते दिल्लीला विचारा.

माणदेशी_माळ

एवढं मिळेल वाटलं नव्हतं. तालुकावार यादी करायला घेतलीय. मांडताना एक दिसतंय : हाताच्या कामावरून पडलेली नावं (पेरक्या, औत्या, मोटकरी) अवजाराबरोबर गेली. व्यवहारावरून पडलेली नावं (कूळ, सालदार, वाटेकरी, कोयता) मात्र गेली तरी व्यवहार मागं राहतो आणि दुसऱ्या नावानं चालू होतो. 'आपला माणूस' हे मी यादीत कुळाच्या पुढेच लिहिलंय.

एक विचारायचं राहिलं. शेळी अर्धलीनं देतात, म्हणजे शेळी एकाची, राखायची दुसऱ्यानं, आणि करडं निम्मी-निम्मी. राखणाऱ्याला काय म्हणता?

वेचणी

राखणारी म्हणा. बहुतेक बाईच असते. आमच्याकडे नाव काही नाही, "तिच्याकडं अर्धलीनं हाय" एवढंच.

तापीकाठ

आमच्याकडेही शब्द नाही. पण करडू एकच झालं तर ते कुणाचं, यावर भांडण मात्र हमखास होतं. बहुतेक ठिकाणी पहिलं राखणाऱ्याला सोडतात. तुमच्याकडे?